वन्संचा आश्रम

कृष्णेच्या दोन्ही काठांवरच्या माणसांत वाटायला म्हणून देवानं जेवढा राग आणला होता, तेवढा सगळा त्यानं माझ्या थोरल्या नणंदेच्या एकटीच्या अंगात ओतला आणि रिकामा होऊन परत गेला. मी तिला वन्सं म्हणत असे. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. गावात तिचा विषय निघाला की लोक डोळे मिटून 'माउली होती' म्हणतात, आणि मला ते ऐकवत नाही. माउली म्हटलं की पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणून म्हणतात. ती होती तेव्हा हीच माणसं तिला तोफ म्हणायची, आणि ते जास्त खरं होतं. मी खरं तेवढंच लिहिणार आहे. त्यात माझंही येईल, ते टाळता येण्यासारखं नाही.

रागावण्याची तिची एक रीत होती. बसून ती कधी रागावत नसे. राग आला की आधी उठायची, पदर खोचायची, खराटा हातात घ्यायची आणि मग तोंड उघडायची. बोलणं आणि झाडणं एकदमच चालायचं आणि दोन्हींचा जोर सारखा असायचा. राग लहान असला तर तिच्या खोलीपुढचं अंगण झाडून व्हायचं, मध्यम असला तर माझंही, आणि मोठा असला तर मारुतीच्या पारापर्यंतची वाट. पुढं तिचे सरकारकडं अर्ज सुरू झाले तेव्हा पोस्टमन येऊन गेला की गावातल्या बायका दारात येऊन तिचा खराटा कुठवर पोचलाय ते बघायच्या आणि कचेरीतून काय उत्तर आलं असेल ते त्यावरून एकमेकींना सांगायच्या. ग्रामपंचायतीनं तिला पगार द्यायला पाहिजे होता. तो दिला नाही. गाव स्वच्छ म्हणून सरपंच मात्र तालुक्याला जाऊन नारळ घेऊन आला.

रागाला तिला स्वतःचं कारणही लागत नसे. एकदा आम्ही दोघी एस्टीनं सांगलीला चाललो होतो. पुढच्या बाकावर एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती आणि कंडक्टर त्या पोराचं अर्धं तिकीट मागत होता. बाई आमच्या ओळखीची ना पाळखीची. पण वन्सं उभी राहिली. "पोराचं वय आईला ठावं का तुला? बाळंतपनाला तू हुतास व्हय?" कंडक्टर हातातली तिकिटं चाळायला लागला. तेवढ्यात ती बाई हळूच म्हणाली, "आवं मावशी, सात वरसाचा हाय त्यो, काढत्ये मी तिकीट." मग सांगली येईपर्यंत वन्सं त्या बाईवर रागावत होती. उतरताना कंडक्टरनं हात धरून उतरवलं तिला.

पोटासाठी ती सांगलीच्या एका वखारीत हळद निवडायला जायची. हळकुंडं एकीकडं, गड्डे दुसरीकडं, किडकं तिसरीकडं, असं सकाळपासून दिवस कलेपर्यंत. त्यामुळं तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे असायचे, आणि साबणानं, राखेनं, चिंचेनं कशानंच ते सुटायचे नाहीत. नवरा पंचविशीतच गेला होता, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती माहेरी परत येऊन आमच्या परड्यातल्या खोलीत राहिली होती. संक्रांतीला हळदीकुंकू असलं की बायका नटूनथटून तिच्या दारावरून जायच्या आणि तिला बोलवायच्या नाहीत. विधवेला कोण बोलावतं. मीही कधी बोलावलं नाही. ती उंबऱ्यावर बसून त्यांना ऐकवायची, "जावा, जावा. कपाळाला लावताय ती हळद माज्याच हातची हाय. पायाखालनं बी गेलीया." बायका पुढं जाऊन कपाळाला हात लावून बघायच्या.

कोयनेला भूकंप झाला त्या पहाटे माझी धाकटी नणंद आणि तिचा नवरा भिंतीखाली सापडले. तो तिकडं प्रकल्पाच्या कामावर होता, तिथंच वसाहतीत खोली होती. तीन पोरी वाचल्या. थोरली शालन आठ वर्षांची, मधली रंजना पाचची, आणि धाकटी छबू अजून अंगावर पिणारी. एखादा मुलगा असता तर दोन्हीकडून ओढाओढ झाली असती. तिन्ही पोरी म्हटल्यावर ज्याला त्याला आपापल्या घरातली गर्दी दिसायला लागली. मदत म्हणून जे काही हातात पडलं ते वडिलांकडच्यांनी घराण्याचं म्हणून ठेवून घेतलं, आणि पोरी आजोळच्या म्हणून आमच्याकडं पाठवल्या. तेराव्याला सगळे आमच्या सोप्यात बसले. प्रत्येकजण 'बिचाऱ्या' म्हणत होता आणि प्रत्येकजण दाराच्या बाजूला सरकत होता. माझे मालक लष्करात होते, रजा संपवून परत गेलेले, आणि घरात माझी स्वतःची चार पोरं. मी त्या पोरींची सख्खी मामी. मी पायाच्या अंगठ्याकडं बघत बसले. इतका नीट मी माझा अंगठा त्याआधी बघितला नव्हता आणि नंतरही कधी बघितला नाही. वन्सं परड्यातून आली, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "आपापली बोटं बगून झाली आसतील तर उठा. पोरींस्नी भुका लागल्यात." छबूला काखेत मारलं, बाकी दोघींना पुढं घातलं आणि गेली. त्या दिवसापासून तिनं माझ्याकडून चिमूटभर मीठसुद्धा उसनं घेतलं नाही. मीही आग्रह केला नाही. तो माझ्या सोयीचा राग होता.

पोरींना तिनं कसं वाढवलं म्हणाल तर ओरडून वाढवलं. लाड करताना ती कोणाला दिसली नाही. स्वतः शाळेची पायरी चढली नव्हती, पण संध्याकाळी मास्तरांना वाटेत अडवून "आज काय शिकीवलं?" म्हणून विचारायची आणि मास्तर उभे राहून सांगायचे. मास्तर मोठे विद्वान, पण तिच्यापुढं त्यांचा आवाज मुलांसारखा व्हायचा. तिला वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना वाचता येतं त्यांच्यावर तिचा विश्वास नव्हता. म्हणून कुठलाही कागद आला की तो ती तीन जणांकडून वाचून घ्यायची. आधी मी, मग मास्तर, मग शालन. तिघांचं जुळलं तरच ते खरं. मला ती नावानं हाक मारत नसे. "ए चौथी पास, हिकडं ये, वाच." एकदा मी कंटाळून मधल्या चार ओळी गाळल्या. त्या मास्तरांच्या वाचनात सापडल्या, आणि त्या दिवशी खराटा थेट माझ्या चुलीपुढं आला.

असं पाच वर्षं चाललं. मग बहात्तर सालचा दुष्काळ पडला. विहिरी तळाला गेल्या, हळद कोणी लावलीच नाही, आणि वखारीतलं काम आठवड्यातून दोन दिवसांवर आलं. वन्सं सडकेच्या कामावर खडी फोडायला जायला लागली. तिथं खायला मिळणारी सुकडी ती निम्मी खायची आणि निम्मी पदरात बांधून आणायची. मला हे दिसत होतं. माझ्या घरात मालकांची मनिऑर्डर येत होती हे तिलाही दिसत होतं. तेवढ्यात तेराव्याला बसले होते तेच सगळे पुन्हा आमच्या सोप्यात येऊन बसले. त्यांनी येता येता वाटेतच ठरवलं होतं. शालनला शाळेतून काढून चुलत्याकडं धुण्याभांड्याला ठेवायची, आणि धाकट्या दोघींना शहरातल्या अनाथाश्रमात घालायचं. वन्सं दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. पोरींच्या वडिलांकडचा एक पाहुणा समजुतीच्या सुरात म्हणाला, "हाल हुनार न्हाईत पोरींचं. आश्रमाला सरकार दर पोरामागं पैसं देतं म्हैन्याला."

"कुनाला देतं?" वन्सं म्हणाली.

"आश्रमाला."

"आश्रमातल्या पोरीला देतं. आन तीच पोरगी माज्या घरात आसली तर?"

"तर कसं देईल? तुमी मावशी हाय की."

"मावशी हाय म्हंजी मी काय पोटाला दगूड बांधून जल्माला आलीया? का माज्या घरात पोरींस्नी भूक लागत न्हाई?"

पाहुणा डोक्यावरची टोपी सारखी करायला लागला. याचं उत्तर आजपर्यंत कोणाकडंच नाही. तीन पोरी त्याच, त्यांची तोंडं तीच, परक्याच्या दारात त्या खातात ते अन्न आणि मावशीच्या दारात खातात ती हवा, हा हिशेब ज्या कोणी मांडला त्याला मी अजून शोधते आहे. वन्संनं त्या सगळ्यांना एवढंच सांगितलं की तिन्ही पोरी एका खोलीत राहतील, सरकारकडून ती पैसे आणील आणि शालन शाळेत जाईल. मग तिनं खराटा घेतला, आणि पाहुण्यांच्या चपला पारापाशी सापडल्या.

त्यानंतर अर्ज सुरू झाले. अर्ज मी लिहायचे, कारण मास्तर लिहायला बसले की संस्कृत लिहायचे. ती शेजारी उकिडवी बसून माझ्या हाताकडं टक लावून बघायची आणि मध्येच म्हणायची, "त्यो 'ळ' एवढा पोट सुटल्यावानी का काढतीस?" अंगठ्याला शाई लावायच्या आधीच तो पिवळा असायचा, आणि कागद हाताळून हाताळून चारही कोपऱ्यांना हळद लागायची. एका कचेरीतला कारकून एकदा तो अर्ज दोन बोटांत धरून म्हणाला, "काय बाई, लग्नपत्रिका आणलीत का?" ती म्हणाली, "व्हय. तुमच्या सायबाचं आन कायद्याचं लगीन हाय. एकदा तरी गाठ पडू द्या दोगांची." कचेरीत बाकावर जागा मिळत नाही म्हणून ती घरून पाट घेऊन जायची. साहेबाच्या दाराशी पाट मांडायची, भाकरी सोडायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "या जेवायला" म्हणायची. तिथले दोन शिपाई तिच्या ठेच्याला लागले, आणि साहेब आत नाहीत असं सांगून खरंच आत कधी असतात ते तिला तेच हळूच सांगायचे.

पण काम काही होईना. साताऱ्याला गेलं की तिथं म्हणायचे, मुली राहतात सांगली जिल्ह्यात, तिकडं जा. सांगलीला गेलं की म्हणायचे, आईबाप वारले सातारा जिल्ह्यात, कागद तिकडचे, तिकडं जा. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या गावाला दक्षिण सातारा म्हणत. आमचं गाव जागचं हललं नाही, नदी हलली नाही, मध्ये कोणीतरी रेघ ओढली, आणि त्या रेघेवरून ही बाई तीन पोरी घेऊन एस्टीनं इकडून तिकडं फिरत राहिली. पोरींना न्यावं तर म्हणायचे, मुलांना कशाला आणलंत. न न्यावं तर म्हणायचे, मुलं कुठं आहेत. शेवटी एका कारकुनानं कंटाळून खरं ते सांगितलं. बाई, तुम्ही आश्रम असतात तर काही करता आलं असतं.

ती घरी आली, आणि त्या दिवशी तिनं खराटा हातातच घेतला नाही. मला वाटलं, खचली. दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकाठोक ऐकून मी परड्यात गेले, तर ती तेलाच्या डब्याचा पत्रा सरळ करत होती. "आश्रमाला देत्यात न्हवं? मंग आश्रमच काढू. आडलंय कुनाचं?" मास्तरांना बोलावून त्या पत्र्यावर गेरूनं लिहून घेतलं, 'अनाथ बालिकाश्रम', आणि पाटी दारावर चढली. आश्रमाला घंटा असते असं तिनं ऐकलं होतं, म्हणून मोडक्या नांगराचा फाळ टांगला. गणवेश असतो म्हणून माझ्याकडून मालकांच्या जुन्या खाकी विजारी मागून घेतल्या, उसन्या म्हणून नाही, 'आश्रमाला दान' म्हणून, आणि त्यांचे तीन झगे शिवले. पोरी शाळेला निघाल्या की म्हातारे लष्करी पेन्शनवाले पारावरून सलाम ठोकायचे. प्रार्थना असते म्हणून सकाळी तिघींना ओळीनं उभं करायची. प्रार्थना कुठली म्हणायची ते तिला माहीत नव्हतं, तेव्हा रंजना पाढे म्हणायची आणि बाकीच्या हात जोडायच्या. अधीक्षक ती, स्वयंपाकीण ती, शिपाई ती, राखणदार आमचा कुत्रा, आणि अध्यक्ष मी. "तुला दुसरं काय काम हाय," असं म्हणून मला नेमलं. आश्रमात नातं चालत नाही हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून पोरींना सक्त ताकीद होती की आश्रम चालू असताना तिला अधीक्षक म्हणायचं. छबू विसरून "मावशे" म्हणाली की तिच्या पाठीत हलकी चापट बसायची. "मावशे सुट्टीच्या दिशी म्हनायचं."

आम्ही सगळे हसत होतो. मी तर घरात लोळून हसले. पण तपासणीचा अर्ज मीच लिहिला होता, आणि एक दिवस खरंच जीप आली.

साहेब तरुण होता, घामाघूम झालेला, आणि वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं. त्यानं पाटी बघितली, फाळ बघितला, खाकीतल्या तीन पोरी बघितल्या आणि वही काढली. "मुलं किती?"

"तीन."

"कर्मचारी?"

"मी. आन त्यो कुत्रा."

"आणि या बाई?"

"ह्या अध्यक्ष हायत. चौथी पास."

साहेबानं ओठ दाबून धरले. मग खाली बसून छबूला विचारलं, "बाळ, या बाई तुझ्या कोण लागतात?"

छबूनं आधी स्वतःच्या झग्याकडं बघितलं, मग वन्संकडं, मग साहेबालाच विचारलं, "आज सुट्टी हाय का?"

"का गं?"

"सुट्टी आसली तर मावशी. न्हाईतर अधीक्षक."

साहेब हसला. हसता हसता थांबला, आणि त्यानं वही मिटली. मग ओट्यावर बसून त्यानं आम्हाला नीट समजावून सांगितलं. आश्रम असा होत नाही, त्याला इमारत लागते, संस्था लागते. आणि नातेवाईक सांभाळत असले तर मुलं अनाथ धरत नाहीत. पण एखादी परकी बाई केवळ दयेपोटी निराधार मुलांना सांभाळत असली, तर त्याला काहीतरी बसवता येईल. त्यानं पेनाचं टोपण काढलं. "माझ्या नोकरीवर येईल हे," तो म्हणाला, "पण मी लिहितो. तुम्ही यांच्या कोणी नाही, एवढंच. दोन ओळी. दर महिन्याला पैसे येतील, मुली इथंच राहतील." त्यानं तिथंच कागदावर लिहिलं आणि साक्षीदार मागितला. मी पुढं झाले आणि सही केली. मला काहीच वाटलं नाही. सरकारशी खोटं बोलायला कसली आली लाज, ते आपल्याशी कुठं खरं बोलतात. दोन ओळींत तीन पोरींचं पोट भरत होतं आणि मलाही सुटल्यासारखं होत होतं.

वन्संनं अंगठा शाईच्या गादीवर दाबून धरला होता. पण कागद तीनदा वाचल्याशिवाय ती अंगठा देत नसे, साहेब असो की देव असो. मी वाचला. मास्तरांना शाळेतून बोलावलं, त्यांनी वाचला. मग शालन उभी राहिली. तेरा वर्षांची झाली होती. वर्गात वाचतात तशी ती कागद डोळ्यांपुढं धरून, मोठ्यानं, एकेक शब्द तोडून वाचायची. "खाली अंगठा करणार हिचा सदर मुलींशी कोणत्याही प्रकारचा संबंध अगर नाते नाही. सदर मुलींना कोणीही नातेवाईक नाहीत. साक्षीदार," आणि माझं नाव तिनं वाचलं, मालकांच्या नावासकट, आडनावासकट. मग कागद खाली केला आणि मला विचारलं, "मामी, ही सही तुमचीच हाय न्हवं?" टोमणा नव्हता तो. वन्संनं शिकवलं होतं तसं ती फक्त पडताळून बघत होती.

"व्हय," मी म्हणाले.

वन्संनं गादीवरचा अंगठा उचलला. कागदावर नेला, रकान्याच्या वर थोडा वेळ धरला, आणि मग लुगड्याला पुसून टाकला. मी खराट्याकडं बघितलं, ती आता उठेल म्हणून. ती उठली नाही. मी तिला बसून रागावलेली तेवढ्या एकाच वेळी बघितली, आणि आवाज इतका खाली होता की कुत्र्यानं कान टवकारले.

"सायब, परकी बाई पोरी संबाळती तर तिला पैसं. मावशी संबाळती तर तिला न्हाई. म्हंजी सरकार मला दर म्हैन्याला परकी हुयाचं पैसं देनार."

"तसं नाही बाई, नियम असा आहे की..."

"तसंच हाय की. ह्यांची आई मेली, बाप मेला, त्ये धरनीनं केलं. ऱ्हायलेल्या मावशीला मी माज्या अंगठ्यानं मारू व्हय? घ्या ह्यो कागूद. आन चा घिऊन जावा. गुळाचा हाय, चालंल न्हवं?"

साहेबानं चहा घेतला. कागदाची घडी करून खिशात घातली. जीपमध्ये चढताना मला हळूच म्हणाला, "तुम्ही समजवा त्यांना." मग वन्सं उठली. त्या दिवशी खराटा पार डांबरी सडकेपर्यंत गेला आणि गावात जीप आली होती याची एक खूण तिनं धुळीत राहू दिली नाही. आश्रमाची पाटी उतरून पाण्याच्या रांजणावर झाकण म्हणून गेली. मला ती एवढंच म्हणाली, "सही लय झोकात करतीस गं, चौथी पास."

मला आधी तिचाच राग आला. तीन पोरींच्या तोंडचा घास एका शब्दापायी घालवला, एवढा कसला ताठा. दोन दिवस मी घरात भांडी आपटली. मग सरकारचा आला. शेवटी जिचा यायला पाहिजे होता तिचा आला, पण त्याला आठ दिवस लागले. सदर मुलींना कोणीही नातेवाईक नाहीत, हे मी सहीनिशी लिहून दिलं होतं, आणि सही करताना मला वाटत होतं की मी खोट्यावर सही करते आहे. ते खोटं कुठं होतं. पाच वर्षं मी त्या खोलीपासून वीस पावलांवर चूल पेटवत होते.

मालक रजेवर आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, दर मनिऑर्डरीतून इतके तुमच्या बहिणीला जातील. ते म्हणाले, "मग इतकी वर्षं काय केलंस?" मी म्हणाले, "तुमच्या चार पोरांना वाढवलं. तुम्ही काय केलंत?" त्यांनी मान हलवून होकार दिला. पण पैसे द्यायचे कसे हा मोठा घोर होता. माझ्या हातचं ती मीठ घेत नव्हती, पैसे कुठून घेणार. मग मी मास्तरांकडून रेघांचा एक लांब कागद आणला आणि बसले. वर्षभर अर्ज लिहून आणि त्यांची उत्तरं वाचून कचेरीची भाषा मला पाठ झाली होती. मी लिहिलं, 'आपल्या अर्जावरून कळविण्यात येते की, सदर बाई सदर मुलींची सख्खी मावशी असल्याचे सरकारला मान्य आहे. ती मावशी असल्यामुळेच तिला दरमहा रक्कम देण्यात येत आहे. रक्कम तिच्या भावजयीमार्फत पोच होईल.' मास्तर घाबरत होते, तरी त्यांनी शाळेचा शिक्का मारला, उलटा, म्हणजे कोणाला वाचता येऊ नये.

वन्संनं तो रीतीप्रमाणं तिघांकडून वाचून घेतला. मी वाचला, मास्तरांनी खोकत खोकत वाचला. मग तो शालनच्या हातात गेला, आणि तिला मी काही सांगितलं नव्हतं. पोरीनं कागदाकडं बघितलं, शिक्क्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आणि मोठ्यानं, एकेक शब्द तोडून, जसाच्या तसा वाचला. 'सख्खी मावशी' तेवढं दोनदा वाचलं.

वन्संनं कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, त्यातल्या एका अक्षरावर पिवळं बोट ठेवलं. "सरकार बी 'ळ' पोट सुटल्यावानीच काढतंय व्हय गं, चौथी पास?"

मी म्हणाले, "आसंल."

"दर म्हैन्याला येनार?"

"तसं लिवलंय."

"मंग येऊ दे." आणि तिनं खराटा घेतला. मी दाराला धरून उभी राहिले. तिनं फक्त स्वतःच्या खोलीपुढचं अंगण झाडलं, तेही हळूहळू, आणि आत गेली.

ते पैसे शालन शाळेत मास्तरीण होईपर्यंत गेले. कधी मनिऑर्डरीला उशीर झाला तर परड्यातून ओरडायची, "सरकार झोपलं का काय?" आणि मी माझ्या चुलीपुढून ओरडायचे, "उठतंय, उठतंय." तिन्ही पोरी त्या खोलीतून वेगळ्या झाल्या त्या लग्न होऊनच. खऱ्या सरकारचं उत्तर अजून आलेलं नाही. पोस्टमन आला की मी अजून बाहेर येऊन बघते, सवय म्हणून.

ती गेल्यावर तिची पत्र्याची पेटी आम्ही उघडली. मला वाटलं होतं, साताऱ्याची नि सांगलीची सगळी पत्रं त्यात असतील, शिक्क्यांसकट. एकही नव्हतं. त्या पत्रांनी तिनं दुष्काळात चूल पेटवली होती, असं शालननं सांगितलं. पेटीत दोन लुगडी, त्यातल्या एकाला शाईचा डाग, आणि तळाशी माझा तो खोटा कागद. चारही कोपऱ्यांना हळद होती. हाताळून लागते तशी नव्हती ती. बोट बुडवून, नीट, एकसारखी लावलेली, पत्रिकेला लावतात तशी.

तो कागद आता माझ्याकडं असतो. पावसाळ्यानंतर मी पेटीतले कपडे, कागद सगळं काढून अंगणात पसरते, पण तो तेवढा आत ठेवते. हळदीचा रंग उन्हानं उडतो.